सिद्धगड हुतात्मा स्मारक

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या जंगलात असलेले स्वातंत्र्यलढ्यातील स्मारक. २ जानेवारी १९४३ रोजी येथे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानचा. वकिलीची पदवी मिळवूनही ते आपल्याच मुलखात राहिले. सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या, आदिवासी व शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते या कामामुळेच, हे विसरता कामा नये.

भूमिगत होऊन त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईकडे वीज नेणारे लोखंडी मनोरे करवतीने कापून पाडायचे, हे या दस्त्याचे मुख्य काम. मुंबईचे कारखाने आणि लोकल या विजेवर चालत, त्यामुळे सरकार हादरले.

अखेर सिद्धगडावरील मुक्काम उघडकीस आला. पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने पहाटे छापा घातला.

युरोपातल्या खेड्यांत चर्चच्या आवारातील युद्धस्मारके दूर रणांगणावर पडलेल्यांची नावे जपतात. इथे रणभूमी आणि स्मारक एकाच रानात आहेत. दरवर्षी २ जानेवारीच्या पहाटे मुरबाड, कर्जत परिसरातील लोक येथे मानवंदनेसाठी जमतात.