शपथ, पुस्तक आणि अंडे

गांधींच्या शाकाहाराचा विषय निघाला की हेन्री सॉल्ट यांच्या पुस्तकाचा उल्लेख ठरलेलाच. १८८८ साली लंडनला गेलेल्या, अर्धपोटी हिंडणाऱ्या गांधींना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडते. तेथेच एक शिलिंग मोजून ते सॉल्ट यांचे 'अ प्ली फॉर व्हेजिटेरियनिझम' (१८८६) घेतात, आणि ते वाचल्यापासून आपण विचारपूर्वक शाकाहारी झालो, असे पुढे आत्मकथेत नमूद करतात. तोवर मांस वर्ज्य होते ते केवळ आईला दिलेल्या शब्दाखातर. मनातून मात्र सर्व भारतीयांनी मांस खावे, असेच त्यांना वाटे. राजकोटला मित्राच्या आग्रहाने त्यांनी ते चोरून खाल्लेही होते. इंग्रजांना हुसकावण्याचे बळ मांसातून येते, ही त्या पिढीची समजूत!

वारशाने आलेला आचार ग्रंथवाचनाने 'स्वतःचा' होतो, ही मांडणी आम्हां साहित्याच्या वाचकांना सुखावणारी आहे. पण त्याच आत्मकथेतील अंड्याची हकीकत आम्हांला अधिक मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या त्यांच्यापुढे आल्या. पहिलीप्रमाणे मासे चालत, दुसरीप्रमाणे निदान अंडी, तिसरीत मात्र दूधही निषिद्ध. दुसरीचा आधार घेऊन त्यांनी काही काळ अंडी खाल्ली आणि मग सोडली. सोडली ती सॉल्ट यांच्या युक्तिवादामुळे नव्हे. शपथ देणाऱ्या आईच्या लेखी अंडे मांसातच जमा होते. शपथेचा अर्थ देणाऱ्याचा, घेणाऱ्याच्या सोयीचा नव्हे. परिणामी शाकाहारी उपाहारगृहातही पुडिंगमध्ये, केकमध्ये काय घातले आहे याची चौकशी करणे आले.

म्हणजे पुस्तक वाचून झाल्यावरही निवाडा आईचाच चालला.

१९१२ साली त्यांनी दूधही सोडले. १९१८-१९च्या दुखण्यात कस्तुरबांनी सुचवले, की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. गांधींनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे अक्षर पाळले, आत्मा गमावला, ही टोचणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. अंड्याच्या वेळी नाकारलेली पळवाट येथे स्वीकारावी लागली.

२० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे ते बोलले, तेव्हा वृद्ध सॉल्ट सभेत हजर होते. वंशपरंपरेची सवय आणि आईची शपथ बाजूला ठेवूनही शाकाहार योग्य का, हे आपल्याला यांच्या पुस्तकाने दाखवले, असे गांधींनी सांगितले. आणि त्याच भाषणात, दुधावाचून शरीर उभे राहत नाही, ही आपल्या आयुष्याची शोकांतिका आहे, हेही.