तंजावरच्या गच्चीवरची डिश

तंजावरला पोस्टिंग आली की मराठी माणूस आधी बृहदीश्वर मंदिर पाहतो, मग सरस्वती महाल ग्रंथालय. मीही पाहिले. पण माझा ट्रेड रेडिओचा, त्यामुळे नजर गच्च्यांवरच्या डिशकडेही गेली. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी इथे भोसल्यांचे राज्य उभे केले. 1855 मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. राज्य गेले, पण मराठी घराघरांत राहिली. शाळा, बाजार, कचेरी तमिळ, स्वयंपाकघरात मराठी. या घरांत महाराष्ट्रातली मराठी रोज ऐकू येऊ लागली ती आकाशातून, आणि तेही अगदी अलीकडे.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 ला, मद्रास केंद्र 15 ऑगस्ट 1975 ला. पण जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच चालतो. पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. मुंबईच्या टॉवरवरून निघालेला मराठी कार्यक्रम कावेरीकाठी पोचणे शक्यच नव्हते. टॉवर जिथला, भाषा तिथली.

हा नियम उपग्रहाने मोडला. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून 'साइट' प्रयोग चालला. सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत सुमारे 3 मीटरच्या जाळीच्या डिश बसल्या. त्या सहांत ना महाराष्ट्र होता, ना तमिळनाडू. मग 30 ऑगस्ट 1983 ला इन्सॅट-1बी चॅलेंजर शटलमधून गेला आणि दिल्लीचा कार्यक्रम देशभरच्या लहान ट्रान्समीटरांना मिळू लागला. जुन्या मंडळींना युनिटच्या टीव्ही रूममधली रविवारची गर्दी आठवत असेल. ती या जाळ्याची कृपा. पण राष्ट्रीय कार्यक्रम म्हणजे मुख्यतः हिंदी आणि इंग्रजी. मराठीची पाळी अजून यायची होती.

पुढचा टप्पा एका दुरुस्त केलेल्या उपग्रहाचा आहे. वेस्टार-6 हा 1984 मध्ये चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी डिस्कव्हरी शटलने त्याला पकडून जमिनीवर आणले. डागडुजी होऊन एप्रिल 1990 मध्ये तोच एशियासॅट-1 या नावाने पुन्हा वर गेला. वर्कशॉपमधून थेट ड्यूटीवर! त्याच्यावर 1991 मध्ये स्टार आणि 1992 मध्ये झी आले. सन टीव्हीची तमिळ वाहिनी 14 एप्रिल 1993 ला सुरू झाली. दूरदर्शनची मराठी वाहिनी 1994 मध्ये उपग्रहावर चढली. तीच पुढे 'सह्याद्री' झाली. अल्फा मराठी आली 15 ऑगस्ट 1999 ला.

म्हणजे मराठी आता तंजावरच्या डोक्यावर होती. पण आकाशातून येणे वेगळे आणि घरात येणे वेगळे. तेव्हाचे प्रसारण सी-बँडचे, सुमारे साडेसात सेंटीमीटर लांबीच्या लहरींचे. त्यासाठी पुरुषभर उंचीची किंवा त्याहून मोठी डिश लागे. ती केबलवाल्याकडे असायची, आणि कुठला उपग्रह धरायचा, कुठली वाहिनी तारेत सोडायची हे तो गिऱ्हाईक पाहून ठरवी. तमिळ गावात मूठभर मराठी घरांसाठी कोण वेगळी डिश लावणार?

चित्र पालटले ते केयू-बँडने. लहर अडीच सेंटीमीटरवर आली आणि उपग्रहाची ताकदही वाढली, म्हणून 60 सेंटीमीटरची डिश पुरू लागली. 16 डिसेंबर 2004 ला दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली. डिश आणि बॉक्स घ्या, महिन्याचे भाडे नाही. त्यात सह्याद्री आहे.

तंत्राची एक गंमत सांगतो. दूरदर्शनचा जीसॅट-15 विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्वेला, सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर आहे. लेहहून तो क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर, पुण्याहून 59 वर आणि तंजावरहून 69 अंशांवर असतो. तरी इथली डिश तेवढी वर बघताना दिसत नाही. घरगुती डिशचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे तिचे तोंड खऱ्या दिशेपेक्षा सुमारे 25 अंश खाली वाटते. दोष एकच: अडीच सेंटीमीटरची लहर जोरदार पावसात विरते. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तेव्हा चित्राचे चौकोन होतात, मग पडदा काळा. डिश हलवू नका, पाऊस थांबू द्या.

इथल्या एका मराठी घरात आजोबांबरोबर मी बातम्या पाहिल्या. त्यांना निवेदिकेचे बहुतेक सगळे कळत होते. पण ही मराठी आपली नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बोलण्यात जुनी मराठी रूपे आणि तमिळ शब्द एकत्र नांदतात. नातवंडे मात्र टीव्हीवरचीच मराठी शुद्ध समजू लागली आहेत, याची त्यांना खंत वाटते.

मला ही खंत खरी वाटते. आमच्या सेटवर 'ओव्हर' म्हटले की समोरच्याची पाळी येते. डिशला ती सोय नाही. ती फक्त ऐकते. याच गावात सरफोजीराजांच्या काळी, 1803 मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला. तेव्हा तंजावर बोलत होते. साडेतीनशे वर्षे टिकलेल्या त्या मराठीला आज उपग्रहावर जागा नाही, आणि ती मिळण्याची वाट पाहण्यात अर्थही नाही. रेकॉर्डिंग करायला खिशातला मोबाइल पुरतो. तेव्हा इकडे पोस्टिंगवर किंवा देवदर्शनाला आलात तर अशा एखाद्या घरी जा, आजी-आजोबांना बोलते करा आणि त्यांच्या परवानगीने तो आवाज जपून ठेवा.