पक्षी दिसला, नोंद ग्राह्य केव्हा?

जबलपूर : शहरालगतच्या डुमना परिसरात तिन्हीसांजेला पिंगळ्याचा आवाज ऐकू आला, पण पक्षी दिसला नाही, तर पक्षिनिरीक्षकाने त्याची नोंद आपल्या ‘आजीवन यादी’त करावी का? आयुष्यभरात आढळलेल्या पक्षिजातींची ही यादी वैयक्तिक असली, तरी तिचे काही संकेत रूढ आहेत.

अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमांनुसार पक्षी जिवंत, वन्य आणि मुक्त असावा. त्याची जात निश्चित करणारी लक्षणे निरीक्षकाने स्वतः पाहिलेली वा ऐकलेली असावीत. त्यामुळे ओळख निःसंशय असल्यास आवाजही पुरेसा ठरतो. पिंजऱ्यातील किंवा मृत पक्षी मात्र यादीत धरला जात नाही.

‘ई-बर्ड’ या जागतिक नोंदसंग्रहात स्थळ वा ऋतूच्या दृष्टीने अनपेक्षित असलेली नोंद स्वयंसेवी परीक्षक तपासतात आणि छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा तपशीलवार वर्णन मागवतात. पुरावा अपुरा ठरला तरी ती नोंद निरीक्षकाच्या वैयक्तिक यादीत राहते. सार्वजनिक नकाशांत मात्र तिला स्थान मिळत नाही.

ही दक्षता किती आवश्यक आहे, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून दिसते. 1872 मध्ये या घुबडाचा पहिला नमुना मिळाला आणि 1884 नंतर खात्रीलायक नमुना मिळालाच नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेतील मांडवी येथे नमुना मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेला व नंतर चोरलेला असल्याचे पुढे उघड झाले. पामेला रासमुसेन यांनी हा खोटा पत्ता बाजूला सारून जुन्या अस्सल नमुन्यांच्या स्थळांचा माग काढला. नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात रानपिंगळा आढळला. तब्बल 113 वर्षांनी त्याचे अस्तित्व सिद्ध झाले.

मध्य प्रदेशात रानपिंगळा खंडवा आणि बुऱ्हाणपूरच्या जंगलांतून ज्ञात आहे. जबलपुरात तो दिसल्याचे कोणी सांगितल्यास प्रथम डोक्याकडे पाहावे लागेल : सर्वत्र आढळणाऱ्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळपास ठिपक्यांविना असतो. ही खूण टिपली गेली नसेल, तर वहीत केवळ ‘पिंगळा, जात अनिश्चित’ असे लिहिणे हीच प्रामाणिक नोंद होय.