कोनाचा रं तू?

सीवूड्स-दारावे-करावे स्टेशनावर उतरा आणि मॉलकडे न वळता खाडीच्या अंगाला चालू लागा. पायाखालचं डांबर मऊ झालं, चप्पल गाळात रुतली की थांबा. तुम्ही शंभर वर्षं मागे, करावे गावच्या बांधावर उभे आहात.

वैशाखाचं ऊन डोळ्यांत घुसतंय. ओठ चाटून बघा, खारट लागतील. वाऱ्याबरोबर खाडीच्या गाळाचा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतोय. ओटीवरची म्हातारी डोळ्यांवर हात धरून विचारते, "कोनाचा रं तू?"

तुमचं नाव तिला नकोच आहे. बापाचं सांगा, आज्याचं सांगा. या पट्टीत पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर इतके, की नुसत्या आडनावावर कुणी ओळख देत नाही. माणूस ओळखायचा तो मधल्या नावावरून. भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या 'बा'मध्ये त्यांचे वडील बाळू आहेत. नवीन पनवेलच्या कॉलेजच्या पाटीवर चांगू ठाकुरांमागे काना उभा आहे.

ओळख पटली? मग वाकून आत या, आज बारसं आहे. अंधार, गर्दी, घामाने भिजलेली लुगडी. बाळंतिणीच्या शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकलाय, धुराने तुमच्या डोळ्यांना पाणी सुटतं. कुणीतरी हातावर गरम घुगऱ्या ठेवतं. दोघीजणी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे देतात. आत्या कानाशी वाकते, "कुर्र्र" करते आणि नाव सांगते. त्याच क्षणी बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. मध्ये उभे राहिलात तर एखादा तुम्हालाही बसेल.

नाव आज्याचं ठेवलंय. समजा, राघो. गेलेला माणूस परत आला म्हणून म्हातारी डोळे पुसते. पण आता बाळंतिणीकडे बघा. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, मग लेकाला हाक कशी मारायची? म्हणून तो होतो बारक्या. पुढे आयुष्यभर गावात बारक्या आणि तलाठ्याच्या दप्तरात राघो. संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारसाचे कागद जमवताना अशीच दोन नावं एकाच माणसाची आहेत हे नातवंडांना शपथेवर सांगावं लागतं.

तुम्ही तिला विचारता, "वहिनी, तुमचं नाव?" ती सासरचं सांगते. माहेरचं सांगायला ओठ हलतात, तेवढ्यात पाळणा जोरात हलतो, पोर रडतं आणि ती उठून जाते. तुमचा माग इथे तुटतो. मला पूर्वजांच्या नावांच्या या शोधात सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती इथेच. क्यूबेकच्या जुन्या चर्चच्या नोंदींत बाई लग्नानंतरही, अगदी दफनाच्या वेळीही, माहेरच्या आडनावाने लिहिलेली असते. तिथल्या पणत्या आईच्या, आजीच्या बाजूनेही सतराव्या शतकापर्यंत सरळ मागे जाऊ शकतात. इथे पाचव्या पिढीतल्या बापाचं नाव सापडतं आणि दुसऱ्याच पिढीतली आजी सापडत नाही.

तरी शोधायला एक जागा बाकी आहे. घरातल्या अस्थी घेऊन निघालेल्या माणसांबरोबर नाशिकला चला. रामकुंडावर ओल्या धोतरांची रेटारेटी, झेंडूचा चिखल, पायऱ्यांवर शेवाळ, जपून. तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि कापडात बांधलेली वही सोडतात. मोडीतली वळणं तुम्हाला लागायची नाहीत, ते वाचून दाखवतील: अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, भाऊ इतके, बरोबर कोण आलं होतं. एखाद्या ओळीत बायकोचंही नाव असतं. ते लागलं तर दोनदा वाचायला सांगा.

आता आजच्या काळात परत या; वही तुमच्यापुढे सरकवली जाईल. आज्याचं नाव लिहा. खाली आजीचं लिहा, आधी माहेरचं, मग सासरचं, आणि तिच्या बापाचं गाव. ठाऊक नसेल तर घरी आत्याला फोन लावा; तोवर उपाध्याय थांबतील.