पालघर व बोईसर–तारापूर परिसरातील ग्रामीण समाज

पालघर व बोईसर–तारापूर परिसरातील ग्रामीण समाज : उत्तर कोकणात अरबी समुद्र आणि सह्याद्रीचा पायथा यांच्या दरम्यान वसलेला आदिवासी शेतकरी व शेतमजूर, मच्छीमार, बागायतदार आणि औद्योगिक कामगार यांचा संमिश्र समाज. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांत, 2011 च्या जनगणनेच्या आकड्यांवरून पाहता, अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. 37 टक्के आहे.

वस्तीची रचना : त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात वर्णिलेले, अलुत्याबलुत्यांच्या परस्परावलंबनावर उभे राहिलेले देशावरील गाव या मुलखात सहसा आढळत नाही. महसुली दप्तरात एक मौजे म्हणून ज्याची नोंद असते, ते येथील गाव वस्तुतः दूरदूर विखुरलेल्या अनेक पाड्यांचे मिळून झालेले असते. आणि लग्नकार्यातील साहाय्य, भांडणतंट्यांचे निवाडे, लावणी–कापणीतील परस्परांची मदत हे नित्याचे व्यवहार बहुधा पाड्याच्याच पातळीवर चालतात. किनाऱ्यालगतच्या बंदरपट्टीत मांगेले, वैती, भंडारी व वाडवळ, तर पूर्वेकडील जंगलपट्टीत वारली, कोकणा, मल्हार कोळी व कातकरी यांची वस्ती प्राधान्याने आहे. सरकारदरबारी नोंदलेले गाव आणि प्रत्यक्ष नांदणारा समाज यांतील हे अंतर ध्यानात घेतल्यावाचून येथील बहुतेक प्रश्नांचा उलगडा होत नाही.

जमीन आणि वेठ : ब्रिटिश अमदानीत जंगले राखीव झाली, रोख सारा व सावकारी कर्ज यांच्या कचाट्यात जमिनी जमीनदारांच्या हाती गेल्या, आणि पूर्वीचा कसणारा आपल्याच शेतावर कूळ किंवा वेठीचा गडी होऊन राहिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पतिपत्नींनी धन्याकडे राबण्याची ‘लग्नगडी’ ही पद्धती या अवनतीचे अत्यंत दारुण रूप होय. सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालाने 1939 च्या सुमारास या स्थितीकडे लक्ष वेधले. परंतु वेठीचा कणा मोडला तो शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने 1945 पासून चालविलेल्या वारल्यांच्या लढ्याने. पुढे 1948 चा कूळकायदा आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याविषयीचा 1974 चा कायदा झाला. तथापि कागदावरील हक्क प्रत्यक्ष ताब्यात येण्यासाठी काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेसारख्या संघटनांना 1970 च्या दशकात पुन्हा झगडावे लागले.

औद्योगिकीकरण : देशातील पहिले अणुविद्युत केंद्र ऑक्टोबर 1969 मध्ये तारापूर येथे कार्यान्वित झाले, आणि पुढील दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत बोईसरलगत आकारास आली. रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांमागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कामगार आले. भूमिपुत्रांपैकी काहींनी चाळी बांधून भाड्याचे उत्पन्न मिळविले, अनेकांच्या वाट्याला मात्र ठेकेदाराकडील हंगामी रोजंदारीच आली. जनगणनेने नगर गणलेल्या बोईसरचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिल्याने, नगराएवढा कचरा, सांडपाणी व वाहतूक यांचा भार ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या साधनांवर पडला. अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली. अशा प्रसंगी भरपाईचा हिशेब मुख्यतः सातबाऱ्यावरील खातेदारावरून होत असल्याने, ज्याची उपजीविका खाडीवर, समुद्रावर किंवा दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर चालते, त्याचे नुकसान त्या हिशेबात पुरतेपणी येत नाही.

प्रदूषण व मासेमारी : वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याकडे सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अग्रस्थानी होते. मच्छीमार मांगेल्यांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली; परंपरागत जातिसंस्थेने पर्यावरणाच्या फिर्यादीचे दायित्व पत्करावे, ही समाजशास्त्रदृष्ट्या लक्षणीय घटना होय. वाढवण येथील बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. त्यालाही किनाऱ्यावरील मच्छीमारांचा दीर्घकाळ विरोध राहिला आहे.

स्थलांतर, आरोग्य व शिक्षण : जंगलपट्टीतील भातशेती पावसाळी व एकपिकी असल्याने दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन वसई–भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात. पाडे ओस पडतात, मुलांची शाळा सुटते आणि पोषण आहार व लसीकरण यांत खंड पडतो. जव्हार तालुक्यातील वावर–वांगणी येथील 1992–93 च्या बालमृत्यूंनी या दुरवस्थेची राज्यभर जाणीव करून दिली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आरंभून पुढे कोसबाडला नेलेल्या कार्यात मुलांपर्यंत शाळा नेणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा हे प्रयोग झाले. श्रमाच्या वेळापत्रकाशी शाळेने जुळवून घ्यावे, हे त्यांमागील सूत्र आजही अनुकरणीय आहे.

मूल्यमापन : 1996 च्या अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार (पेसा) कायद्याखालील महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट मोकळी केली, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने कसलेल्या वनजमिनीवरील दावा मान्य केला. नोंद आणि समाज यांतील जुने अंतर त्यामुळे जंगलपट्टीत काही अंशी कमी होऊ शकते. बंदरपट्टीतील मच्छीमाराचा समुद्रावरील वहिवाटीचा हक्क व बोईसरच्या चाळींतील स्थलांतरित मजुराचे स्थानिक कारभारातील स्थान यांविषयी मात्र तितकी स्पष्ट कायदेशीर तरतूद झालेली नाही.