आगटी आणि धुरांडें

इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत रॅडविंटर म्हणून एक खेडें आहे. तेथील धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन यानें आपल्या देशाचें जें वर्णन लिहिलें तें १५७७ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या हयातींत कोणत्या गोष्टी विशेष पालटल्या, याविषयीं गांवांतील वृद्धांचें म्हणणें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. या वृद्धांनीं पहिलें बोट दाखविलें तें धुरांड्यांकडे. त्यांच्या लहानपणीं मठ आणि सरदारांचे वाडे सोडले, तर सामान्य गांवांत दोनतीन धुरांडीं असलीं तर असत. आतां तीं घरोघर दिसूं लागलीं होतीं. त्यापूर्वीं दिवाणखान्याच्या मध्यभागीं जमिनीवर विस्तव पेटवीत, आणि आमच्या जुन्या घरांतील चुलीचा धूर जसा कौलांतून वाट काढतो, तसा तो छपरांतून जाई. हॅरिसनला हा पालट मानवला नाहीं. धुरानें घराचीं लांकडें टिकत आणि धन्याची प्रकृतीही टिके. धुरांडीं आलीं आणि पडशाची तक्रार वाढली, असा त्याचा आक्षेप आहे. कोंकणांतील एखाद्या आजीबाईंस हें मत तात्काळ पटेल, आणि वाशांपुरतें त्यांत तथ्यही आहे.

परंतु काळ हॅरिसनच्या बाजूचा नव्हता. लांकूड महाग होत चाललें, शहरांत दगडी कोळसा जळूं लागला, आणि त्याचा गंधकमिश्रित धूर सोसणें लांकडाच्या धुराइतकें सोपें नव्हतें. धुरांडें ही चैनीची वस्तु राहिली नाहीं. सरकारचें लक्ष तिकडे जाण्यास मग कितीसा वेळ लागणार? १६६२ सालीं दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत दर आगटीमागें वर्षाला दोन शिलिंग कर बसला. अगदीं गरिबांस त्यांतून सूट होती. तरी कर मोजणारा अंमलदार थेट माजघरांत शिरून आगट्या मोजतो, याची चीड लोकांना कराहूनही अधिक होती. कित्येकांनीं आगट्या विटांनीं बुजविल्या. ऑक्सफर्ड परगण्यांतील चर्चिल या गांवीं एका भटारणीनें कर चुकविण्यासाठीं आपल्या भट्टीचा धूर भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुरांड्यांत सोडला, आणि त्यामुळें १६८४ सालीं वीस घरें जळून चार माणसें दगावलीं, असें सांगतात. १६८९ सालीं विल्यम आणि मेरी यांनीं हा कर उठविला, तो लोकप्रियता मिळविण्यासाठींच.

एवढें करूनही खोली ऊबदार होत नसे. आगटी खोल आणि चौकोनी, वरचें तोंड ऐसपैस. विस्तवाची बहुतेक ऊब धुराबरोबर आकाशांत जाई आणि तिच्या मागोमाग खोलींतील तापलेली हवाही. बसणाराचें तोंड भाजे आणि पाठ गारठे. जर्मन आणि रशियन लोकांनीं हा प्रश्न विटांच्या किंवा चिनी मातीच्या फरशांच्या भरभक्कम भट्ट्यांनीं सोडविला होता. एकदां जाळ केला कीं ती भट्टी कित्येक तास ऊब देई. पण तींत विस्तव दिसत नाहीं, आणि इंग्रजाला विस्तव डोळ्यांनीं पाहिल्यावांचून ऊब लागत नाहीं! अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिननें १७४२ च्या सुमारास लोखंडी आगटी काढून मधला मार्ग शोधला व तिचें पेटंटही नाकारलें; मात्र त्याच्या योजनेंत धुराला वर जाण्यापूर्वीं खालीं उतरावें लागे, आणि धुराला तें मान्य नव्हतें.

खरा उपाय सांपडला तो दुसऱ्या एका अमेरिकनाला. बेंजामिन थॉम्सनचा जन्म १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें झाला. स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें इंग्रजांचा पक्ष धरला, म्हणून त्याला देश सोडावा लागला. पुढें बव्हेरियाच्या दरबारीं त्यानें म्यूनिकमधील भिकाऱ्यांस कामास लाविलें, आणि काउंट रम्फर्ड ही पदवी मिळविली. तोफांस भोंक पाडतांना निघणाऱ्या उष्णतेवरून उष्णता हा पदार्थ नसून गति आहे, असें प्रतिपादणारा तो हाच. १७९६ सालच्या निबंधांत त्यानें आगटीचा विचार केला. खोलीला खरी ऊब विस्तवाच्या किरणांपासून मिळते, हें त्यानें ओळखलें. म्हणून त्यानें आगटी उथळ केली. पाठीमागची भिंत तोंडाच्या रुंदीच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढी ठेविली. बाजूच्या भिंती १३५ अंशांच्या कोनांत फांकविल्या, म्हणजे किरण खोलींत परततील. वरचा गळा केवळ चार इंचांचा केला. कांहीं विटा आणि थोडा चुना एवढ्यावर काम भागे. लंडनच्या श्रीमंतांत या आगटीची लाट आली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबे’ या कादंबरींतील नायिका प्राचीन मठांत भव्य जुनी आगटी पाहण्याच्या आशेनें जाते आणि तेथें रम्फर्डची आगटी पाहून हिरमुसते.

याच निबंधांतील एका सूचनेकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें आम्हांस वाटतें. गळा चार इंचांचा झाला, तर धुरांडें झाडणारा वर कसा जाणार? म्हणून मागील भिंतींत अकरा बारा इंच रुंदीचें दार ठेवावें, आणि तें चुन्यावांचून रचलेल्या विटांनीं किंवा फरशीच्या तुकड्यानें बंद करावें, असें रम्फर्ड सांगतो. अकरा बारा इंच! कोळशाच्या धुरांड्यांच्या नळ्या साधारण नऊ इंच बाय चौदा इंच असत, आणि त्यांत चढे तें लहान मूल. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ सालींच दाखविलें होतें कीं, काजळीमुळें या मुलांस पुढें विशिष्ट जागीं कर्करोग होतो. १७८८ च्या कायद्यानें आठ वर्षांखालील मुलें घेण्यास मनाई झाली, पाळतो कोण? जॉर्ज स्मार्टनें १८०३ सालीं लांब दांड्याचा ब्रश तयार केला होता. तरी १८१९ चें विधेयक लॉर्डांच्या सभेंत फेटाळलें गेलें, कारण वांकड्या नळ्या ब्रशानें नीट झाडल्या जात नाहींत, आणि घराला आग लागेल, ही भीति. नळ्या सरळ करण्याचा खर्च घरमालकाचा होता. चढण्याचा धोका मुलाचा. १८४० व १८६४ चे कायदेही निरुपयोगी ठरले. जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा मुलगा फुलबर्नच्या इस्पितळाच्या धुरांड्यांत गुदमरून मेला, तेव्हां कोठें १८७५ चा कायदा होऊन ही चाल बंद झाली. रम्फर्ड निर्दय नव्हता. भिकाऱ्यांसाठीं त्यानें केलेलें काम त्याची साक्ष देतें. त्याच्या हिशेबांत उष्णतेचा प्रत्येक किरण मोजलेला आहे, आणि तें मूल फक्त दाराच्या रुंदीच्या रूपानें आलें आहे.

धुराचा हिशेब मात्र शिल्लकच होता. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर पांच दिवस जें काळें धुकें बसलें, त्यांत घरोघरच्या आगट्यांच्या कोळशाचा मोठा वांटा होता. त्या वेळीं सुमारें चार हजार मृत्यु मोजले गेले. पुढील अभ्यासकांचा अंदाज बारा हजारांपर्यंत जातो. १९५६ च्या कायद्यानें शहरांत धूर करणारें जळण बंद होऊं लागलें, आणि असंख्य आगट्या फळ्या ठोकून बुजविल्या गेल्या. अमेरिकेंत रम्फर्डच्या मापांच्या आगट्या हौशी लोक आजही बांधून घेतात. धुरांडें आतां ब्रशानें झाडतात, त्यामुळें मागच्या भिंतींतील त्या दाराचें काम उरलेलें नाहीं.