गणिताच्या गोळ्या

"आप्पा, हे औषध म्हणजे त्या एमडीच्याच भावकीतलं ना?" असं नात्यातल्या एकाने मध्यंतरी मला विचारलं. त्याचं वय ४२. नोकरी चांगली, डोकं तल्लख, पण कुठलंही काम शेवटच्या रात्रीशिवाय हातून सुटत नाही, आणि गाडीची किल्ली दिवसातून चारदा हरवते. डॉक्टरांनी दोन-तीन बैठकांत सगळं विचारून घेतलं, एडीएचडी आहे म्हणाले आणि मिथाइलफेनिडेट नावाचं औषध लिहून दिलं. घरात कुणीतरी इंटरनेटवर काहीबाही वाचलं आणि झालं! चिठ्ठी गेली फडताळात.

आपल्याकडे ही धास्ती अगदीच उगाच आहे असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, एमडी म्हणजे मेफेड्रोन बनवण्याचा अड्डा पकडला होता. काजूच्या आणि उसाच्या मुलखात हे काय नवीन, म्हणून गावोगावी चर्चा झाली. त्याआधी २०१६ साली सोलापूरच्या एका कारखान्यातून ठाणे पोलिसांनी कित्येक टन एफेड्रिन जप्त केलं होतं.

तर उत्तर असं, की भावकी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण भावकीतले सगळे सारखे नसतात, हे मी कोल्हापूरकरांना काय सांगावं!

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा मास्तर. त्यामुळे त्याला उत्तर द्यायला म्हणून जे वाचत बसलो ते इतिहासच निघालं. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात आली. हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टर जे चार-पाच प्रश्न विचारतात आणि औषधाच्या दुकानात ज्या कटकटी होतात, त्या प्रत्येकामागे कुठलंतरी जुनं प्रकरण आहे. ते माहीत असलं की प्रश्नांचा रागही येत नाही आणि औषधाची भीतीही बेताची राहते.

या भावकीचं मूळ शोधत गेलं तर ते एका झुडपापाशी जातं. एफेड्रा त्याचं नाव. चिनी वैद्य ते शतकानुशतके वापरत आणि पारशी मंडळी होमाच्या विधीत त्याच्याच काड्या वापरतात. १८८५ मध्ये नागाई नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने त्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. पुढे दम्याच्या गोळ्यांत ते सर्रास असे. त्याला पर्याय शोधता शोधता अमेरिकेत १९२९ मध्ये गॉर्डन अ‍ॅलेस याने अ‍ॅम्फेटामाइनचा गुण स्वतःवरच प्रयोग करून पाहिला. (हे रसायन खरं तर १८८७ मध्येच बर्लिनमध्ये तयार झालं होतं, पण त्याचं करायचं काय हे कुणालाच कळलं नव्हतं.) 'बेन्झेड्रिन' या नावाने ते बाजारात आलं, तेही चोंदलेलं नाक मोकळं करायला!

आता यात लक्ष लागण्याचा संबंध कुठे आला? तो आला अपघाताने. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात मनोविकार असलेल्या मुलांसाठी एक रुग्णालय होतं. तिथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे आणि मग मुलांची डोकी भयंकर दुखत. ती दुखी थांबावी म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही. पण शाळेचे मास्तर सांगू लागले की मुलं अभ्यासाला बसायला लागली! १९३७ मध्ये ब्रॅडलींनी ३० मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या साधारण निम्म्या मुलांच्या अभ्यासात पहिल्याच आठवड्यात ठळक फरक पडला होता. मुलांनीच त्यांना नाव दिलं, 'गणिताच्या गोळ्या'. वर्गात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गंमतही वाटली आणि त्या मास्तरांचं कौतुकही. फरक डॉक्टरांच्या आधी त्यांच्या नजरेला आला होता.

मिथाइलफेनिडेट याच्या नंतरचं. स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीतल्या लिअँड्रो पॅनिझॉनने ते १९४४ मध्ये तयार केलं. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळण्याआधी ते घेई, म्हणून तिच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून 'रिटालिन' झालं. १९५४ पासून ते विकलं जाऊ लागलं, सुरुवातीला थकवा आणि उदासीनतेवर.

पण एव्हाना या भावकीने जगाला दुसरं तोंडही दाखवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांना जागं ठेवण्यासाठी हीच रसायनं वाटली गेली. युद्ध संपल्यावर जपानमध्ये 'हिरोपोन' या नावाचे साठे बाजारात आले आणि तिथे व्यसनाची अशी साथ पसरली की १९५१ मध्ये खास कायदा करावा लागला. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला आणि आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आला. मिथाइलफेनिडेट त्याच्या यादीत आहे. शिवाय औषधांच्या नियमांत ते 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत द्यायची, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची, औषध कुलपात ठेवायचं, आणि ते विकायला दुकानदाराकडे वेगळा परवाना हवा. म्हणून हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. सुरू करण्याआधीच आपल्या गावात ते कुठल्या दुकानात मिळतं याची चौकशी करावी. दुकानदार चिठ्ठी ठेवून घेतो, तो आपल्यावर संशय नसतो, नियम असतो.

मग औषध आणि नशा यांत फरक तो काय? मुख्यतः मात्रेचा आणि वेगाचा. गोळी पोटातून जाते, मेंदूत डोपामिन सावकाश वाढतं, झिंग येत नाही. तेच रसायन भरमसाट प्रमाणात किंवा नाकातून घेतलं की गोष्ट पालटते. म्हणून डॉक्टर लहान मात्रेने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. आणि म्हणूनच "पूर्वी कसलं व्यसन होतं का" हे विचारतात. तिथे लाजून खोटं बोलू नये. दारू, तंबाखू, सगळं सांगावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरेच जण म्हणतात, "एक गोळी घेऊन बघतो, लक्ष लागलं तर आजार आहे असं समजू." १९७८ पर्यंत शास्त्रज्ञांचाही असाच काहीसा समज होता, की उत्तेजक औषधाने शांत होणं ही या मुलांचीच खूण. त्या वर्षी ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कुठलाही त्रास नसलेल्या मुलांना हेच दिलं, तर तीही शांत झाली आणि त्यांचंही लक्ष वाढलं! म्हणजे गोळीने फरक पडणं हा निदानाचा पुरावा होत नाही. मित्राची गोळी घेऊन पाहणाऱ्यांनी आणि परीक्षेच्या काळात 'स्मार्ट' गोळ्या शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग निदान कशावरून? इथे आमचा मास्तरांचा संबंध येतो. मोठ्या माणसांतही हा त्रास असतो हे अमेरिकेत पॉल वेंडर यांनी धरून लावलं. १९७६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १५ प्रौढांवर औषध तपासलं आणि हे प्रौढ लहानपणी कसे होते हे त्यांच्या आईवडिलांना विचारलं. आजही नियम तोच आहे. २०१३ च्या डीएसएम-५ नुसार लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असली पाहिजेत. चाळिशीत अचानक लक्ष लागेनासं झालं तर ते थायरॉइड, झोपेतलं घोरणं, नैराश्य किंवा नुसतं मोबाईलचं वेडही असू शकतं. म्हणून डॉक्टर शाळेची प्रगतिपुस्तकं मागतात. 'हुशार आहे, पण लक्ष नसते', 'बडबड फार' हे शेरे कुणाच्या ट्रंकेत असतील तर ते घेऊन जावेत.

हृदयाचं प्रकरण त्यामानाने अलीकडचं. या औषधांनी नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. २००५ मध्ये कॅनडाने अ‍ॅडरॉल एक्सआर या औषधाची विक्री अचानक मृत्यूंच्या बातम्यांवरून थांबवली आणि काही महिन्यांत पुन्हा सुरू केली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दीड लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तर हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. पण २०२३ मध्ये स्वीडनच्या नोंदींतून दिसलं की वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत रक्तदाबाचा विकार जरा जास्त आढळतो. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, तांबडा-पांढरा मनसोक्त ओरपणाऱ्या आपल्या मंडळींनी आधी रक्तदाब मोजून घ्यावा, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते सांगावं आणि पुढेही रक्तदाब मोजत राहावं. काचबिंदू, पूर्वी येऊन गेलेला उन्माद, गरोदरपण, चालू असलेली मनोविकाराची औषधं, हेही सांगायचं. भूक मंदावते, संध्याकाळी उशिरा घेतलं तर झोप उडते. चहाचे कपही मोजावेत.

ज्यांना हे औषध चालत नाही त्यांच्यासाठी २००२ पासून अ‍ॅटोमोक्सेटिन आहे. ते उत्तेजक नाही, शेड्यूल एक्समध्ये नाही, पण गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नये.

आणि गोळी काही शिकवत नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (१९९९) चौदा महिन्यांनंतर, पद्धतशीर औषध दिलेली मुलं नुसत्या वर्तनोपचारांवरच्या मुलांपेक्षा लक्षणांच्या बाबतीत पुढे होती, पण तीन वर्षांनी तो फरक पुसला गेला होता. वही, गजर, ठरलेली जागा, ही शिस्त वेगळी लावावीच लागते.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी एक. अमेरिकेत सर्रास लिहून देतात ती अ‍ॅडरॉल भारतात विक्रीला नाही आणि अ‍ॅम्फेटामाइन एनडीपीएसच्या यादीत आहे. सुट्टीला येताना मूळ डबी आणि डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, निघण्यापूर्वी नियम विचारून घ्या, आणि उरलेल्या गोळ्या इथल्या भाच्या-पुतण्यांना वाटू नका. जपानला जाणार असाल तर अ‍ॅडरॉल नेऊच नका. तिथे ती डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाही. त्या १९५१ च्या कायद्यामुळे.